ॲडव्होकसी शिकवायचा संच, एका सत्रानंतर: मोजपट्टी उत्तम, पोच मात्र विसरले

डेंटल हायजीनिस्ट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आरोग्य धोरणाचा पाठपुरावा कसा करायचा हे शिकवायला कॉलेजने हा संच घेतला. स्लाइड्स, भूमिकांची कार्डं, निवेदनाचा नमुना, मोजपट्टी हे सगळं माहितीपत्रकात आहेच, ते पुन्हा सांगत नाही. लिहायला बसले ते परवाच्या संतापामुळे. मुलींनी स्वतः नेऊन दिलेलं निवेदन 'आमच्याकडे आलेलंच नाही', असं एका कार्यालयाने सरळ सांगितलं.

विषय होता शाळेजवळच्या तंबाखूविक्रीचा. २००३ च्या कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम ६, शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांत विक्रीला बंदी. निवेदन दिलं, फोटो काढला, मुली खुशीत परतल्या. हातात मात्र शिक्क्याची प्रत नाही. भाषा नम्र कशी ठेवावी यावर संचात पानंच्या पानं आहेत; पण दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा, यावर एक ओळ नाही! पुढे माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून 'आमच्या निवेदनावर काय कार्यवाही केली' असं विचारायचं, तर कशाच्या जोरावर? एवढे पैसे घेऊन नमुन्याच्या तळाशी पोचीची चौकट छापायला काय हरकत होती?

मोजपट्टीबद्दल मात्र माझं मत पार बदललं. आधी तो उगाच वाढवलेला खर्च वाटायचा. टपरीवाल्याने 'गेटपासून रस्त्याने मोजा' म्हणून वाद घातला, तेव्हा तिची किंमत कळली. नियमाप्रमाणे अंतर आवारभिंतीच्या बाहेरच्या कडेपासून सरळ त्रिज्येने धरायचं असतं. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने शाळेच्या मागच्या आवारभिंतीला पट्टीचं टोक लावलं आणि टपरी हद्दीच्या आत आली. नियम वाचून दाखवला तोही तिनेच.

कार्डं ठीकठाक. गुटखा आणि तंबाखूची त्यात सरमिसळ आहे, तेवढी शिक्षकाने आधी निस्तरावी: राज्यातली गुटखाबंदी २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे, तिची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते, शाळेजवळच्या विक्रीला कोटपा लागतो.

हे सगळं या मुलींनीच का शिकायचं, असं स्टाफरूममध्ये विचारतात. स्केलिंगच्या, म्हणजे दात साफ करायच्या खुर्चीत गुटखा खाणाऱ्या कोवळ्या पोराचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, गालाच्या आत पांढरट, ताठ पट्टे हाताला लागतात, ते सगळ्यांच्या आधी यांनाच दिसतं. दात स्वच्छ करून त्याला परत त्याच टपरीसमोरून शाळेत पाठवायचं का?

कॉलेजकडे पैसे बेताचे असतील तर संच घेऊ नका. मोजपट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, कायदा आणि नियम इंटरनेटवर फुकट आहेत. आम्ही निवेदन पुन्हा दिलंय, दोन प्रतींत. आवक क्रमांक मुलींनी वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज जाईल. मसुदा तयार आहे.