हिमालयनला साइडकार : गॅरेजचे काम आणि प्रत्यक्ष खर्च

वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना मोटारसायकलवर पाय टाकून मागे बसणे जमेनासे झाले आणि दर हिवाळ्यात ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वरला जाण्याचा आमचा नेम मोडला. ऐंशीच्या दशकात त्यांच्याकडे साइडकार, म्हणजे डाव्या बाजूला जोडलेला एकचाकी डबा, लावलेली बजाज चेतक होती. आई मागे आणि आम्ही दोघे भावंडे डब्यात, अशी आमची निम्मी सुट्टी तिच्यावरच गेलेली. त्यामुळे माझ्या ४११ सीसीच्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला साइडकार लावण्याची कल्पना घरात कोणालाही वेडेपणाची वाटली नाही. पुण्याच्या एका उपनगरातील गॅरेजने हे काम केले. त्यानंतर सुमारे चार हजार किलोमीटर गाडी चालवून मी हे लिहीत आहे.

आधी कागदपत्रांचे सांगते, कारण गॅरेजवाले ती बाब सर्वांत शेवटी काढतात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील मोटारसायकलच्या व्याख्येतच, म्हणजे कलम २(२७) मध्ये, सुटी करता येणारी, जादा चाकाची साइडकार समाविष्ट आहे. मात्र ती आपल्या गाडीला नव्याने बसवणे हा कलम ५२ खाली येणारा बदल ठरतो आणि त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर व्हावी लागते. विनापरवाना बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे. 'आधी बसवून घ्या, नोंदीचे नंतर बघू' हा गॅरेजचा सल्ला मी मानला नाही. परिवहन कार्यालयात आधी अर्ज केला, विमा कंपनीला लेखी कळवले आणि त्यात साडेतीन महिने गेले. (याच कायद्यातील कलम १२९ च्या मूळ मजकुरात साइडकारमधील प्रवाशाला हेल्मेटची सूट होती, हे वडिलांना नेमके ठाऊक होते. ती सूट आता उरलेली नाही आणि उरली असती तरी मी त्यांना हेल्मेटशिवाय बसू दिले नसते.)

गॅरेजचे लोखंडी काम उत्तम आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. मोटारसायकलची चॅसिस बाजूने येणारा ओढा सहन करण्यासाठी घडवलेली नसते, त्यामुळे साइडकारचे हात थेट तिला वेल्ड करणे म्हणजे पुढेमागे तडा जाण्याला आमंत्रण असते. या गॅरेजने मूळ चॅसिसला वेल्डिंगचा स्पर्शही होऊ दिला नाही. इंजिनाखालून जाणारी एक वेगळी जोडचौकट बनवून ती क्लॅम्प आणि बोल्टने आवळली आणि तिला चार ठिकाणी साइडकार जोडली. यातील खालचे दोन जोड भार वाहतात, तर वरचे दोन गाडीचा कल धरून ठेवतात. वरच्या दोन्ही दांड्यांना आटे असल्यामुळे तो कल पान्याने कमीजास्त करता येतो. साइडकारचे चाक मागच्या चाकाच्या रेषेत न ठेवता तिथून सुमारे २०० मिलिमीटर पुढे घेतले आहे. त्यामुळे उजव्या वळणावर गाडी साइडकारच्या अंगाला पुढे कलंडण्याची प्रवृत्ती काहीशी आटोक्यात राहते.

चूक झाली ती अलाइनमेंटमध्ये. साइडकारचे चाक मोटारसायकलला अगदी समांतर ठेवून चालत नाही. ते पुढच्या बाजूने किंचित आत वळलेले असावे लागते आणि मोटारसायकल साइडकारपासून थोडी बाहेर, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे, कललेली असावी लागते. डाव्या बाजूचा प्रवासी आणि कडेला उतरता होत जाणारा रस्ता असे दोघेही गाडीला सतत डावीकडे ओढत असतात, त्यावर हा उपाय आहे. गॅरेजने मापे घेतली खरी, पण साइडकार रिकामी असताना. वडील त्यात बसल्यावर स्प्रिंग दबली, कल नाहीसा झाला आणि गाडी डावीकडे अशी ओढू लागली की मुळशीपर्यंत जाईतो माझे खांदे भरून आले. दीड हजार किलोमीटरमध्ये मागचा टायर एका अंगाने खाल्ला गेला. दुसऱ्या खेपेला मी वाळूच्या पोत्यांत वडिलांच्या वजनाइतका, ६८ किलोचा, भार मोजून नेला, तो डब्यात ठेवला आणि समोर उभे राहून दोन सरळ पाइपांनी मोजणी करवून घेतली. चाक २० मिलिमीटर आत आणि कल दीड अंश ठेवल्यावर गाडी सुतासारखी सरळ धावू लागली. दुरुस्तीचे पैसे गॅरेजने घेतले नाहीत. टायर मात्र माझ्या खिशातून गेला.

हिशेबही तोंडी ठरला त्यापेक्षा बराच वेगळा निघाला. डबा, चाक, चॅसिस आणि जोडकामासह ९४ हजार रुपये सांगितले होते, प्रत्यक्षात १ लाख १९ हजार ५०० रुपये झाले. वाढलेल्या रकमेत साइडकारच्या चाकाला मागच्या पेडलशी जोडलेला ब्रेक साडेनऊ हजारांचा, तर हळू वेगात हँडल थरथरू नये म्हणून लावलेला स्टिअरिंग डॅम्पर सहा हजारांचा होता. पुढच्या फोर्कच्या कडक स्प्रिंगा, दिव्यांची वायरिंग आणि मोठे मागचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) यांनी उरलेले दहा हजार खाल्ले. यातील एकही वस्तू चैनीची नाही. ब्रेक तर पहिल्या दिवसापासून हवाच. म्हणूनच या वस्तू मूळ अंदाजात न धरणे मला खटकले. याखेरीज ३,८०० रुपयांचा टायर आहे. शिवाय आडव्या ताणाने तारा सैल पडत असल्यामुळे दर हजार किलोमीटरला चाकांच्या तारा तपासून घ्याव्या लागतात. पूर्वी लिटरला तीस किलोमीटर जाणारी गाडी आता एकवीस जाते.

चालवण्याची सवय मुळापासून बदलावी लागते. ही गाडी झुकत नाही. हँडल ज्या बाजूला वळवाल त्या बाजूलाच ती जाते. वेग वाढवला की ती डावीकडे रेंगाळते, सोडला की उजवीकडे झेपावते. डाव्या वळणावर रिकामा डबा हवेत उचलला जातो, म्हणून एकटी असताना मी त्यात २५ किलोचे वाळूचे पोते ठेवते. मोकळ्या मैदानावर दोन आठवडे सराव केल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. याबद्दल गॅरेजने एका शब्दानेही सांगितले नाही, सांगितले ते वडिलांनी. खड्ड्यांचे वेगळेच दुखणे आहे. दुचाकीवर खड्डा चुकवता येतो, इथे तीन चाकांच्या दोन रेषा असल्यामुळे एक चाक तरी त्यात जातेच.

डिसेंबरात आम्ही ताम्हिणी उतरून माणगावमार्गे हरिहरेश्वरला गेलो. पंचावन्न ते साठच्या वेगात गाडी स्थिर राहिली, घाटात ब्रेक तापले नाहीत आणि वडिलांची एकच तक्रार होती, ती काचेची उंची कमी पडून वारा थेट तोंडावर येत असल्याची. त्या कामासाठी मी पुन्हा त्याच गॅरेजकडे जाणार आहे, मात्र या खेपेला अंदाज लेखी घेऊन आणि वाळूची पोती डब्यात टाकून.