वायफायची नावे दोन, नेटवर्क मात्र एकच

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागील गल्लीत आमचे चौदा खोल्यांचे यात्रीनिवास आहे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी सुरू होण्याआधी पाहुण्यांसाठी वायफाय बसवावे, मात्र काउंटरवरील बिलिंगचा संगणक आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर त्यापासून पूर्ण वेगळा राहावा, एवढीच आमची मागणी होती. ओळखीतून आलेल्या एका तंत्रज्ञाने राउटर, वायफाय पसरवणारे तीन ॲक्सेस पॉइंट, ‘मॅनेज्ड स्विच’ (केबलने उपकरणे जोडणारी, सेटिंग बदलता येणारी पेटी) आणि ‘व्हीलॅन कॉन्फिगरेशन’ मिळून ४१,००० रुपयांचे बिल दिले, त्यातील ७,५०० रुपये केवळ व्हीलॅनचे होते. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवरील उपकरणांचे एकमेकांपासून वेगळे गट पाडण्याची सोय. एकाही वस्तूचा मॉडेल क्रमांक बिलावर नव्हता आणि मीही तो मागितला नाही. मोबाईलवर ‘ऑफिस’ आणि ‘पाहुणे’ अशी दोन नावे दिसताच मी उरलेली रक्कम चुकती केली.

आठवड्याच्या आत एका पाहुण्यांच्या मोबाईलवरून दिलेले महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट आमच्या काउंटरच्या प्रिंटरवर छापून आले. त्या गृहस्थांनी प्रिंटचे किती द्यायचे असे अगत्याने विचारले. मला मात्र घाम फुटला.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने पाहुण्यांच्या वायफायवर राहून, मोबाईल डेटा बंद करून, ब्राउझरमध्ये रेकॉर्डरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील त्याचा क्रमांक, टाकला आणि लॉगिनचे पान समोर उघडले. राउटरचे पानही उघडले, तेही कारखान्यातून आलेल्या पासवर्डने. दोन्ही वायफाय एकाच ब्रिजला जोडलेली होती. ब्रिज म्हणजे राउटरमधील अनेक पोर्ट आणि वायफाय यांना एकाच स्विचवर असल्याप्रमाणे जोडणारी व्यवस्था. त्यामुळे नाव व पासवर्ड वेगळा ठेवला, तरी आतून सर्व उपकरणे एकमेकांना दिसत राहतात.

जाब विचारल्यावर तंत्रज्ञ पुन्हा आला आणि पाहुण्यांच्या मोबाईलला १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.२० ने सुरू होणारे पत्ते मिळतील अशी व्यवस्था करून, ‘आता झाले वेगळे’ असे सांगून गेला. ही दुसरी फसवणूक अधिक चतुर होती, कारण पत्ते खरोखरच बदलले होते. पण फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणती वाहतूक अडवायची हे ठरवणाऱ्या राउटरमधील सोयीत, मनाईचा नियम नसल्याने राउटर एका बाजूची वाहतूक दुसऱ्या बाजूला पोहोचवीतच होता. रेकॉर्डर पूर्वीसारखाच उघडला.

अखेर दुसऱ्या जाणकारास बोलावले. स्विचच्या तळाशी छापलेला क्रमांक पाहताच तो साधा, अनमॅनेज्ड असल्याचे त्यांनी दाखवले. व्हीलॅनसाठीच्या ८०२.१क्यू या मानकानुसार टॅग्ड पोर्टवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, चार बाइटचा टॅग लागतो आणि त्यात १ ते ४०९४ पैकी व्हीलॅनचा क्रमांक असतो. कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनचा, हे साध्या स्विचला सांगण्याची सोयच नसते. त्यांनी मॅनेज्ड स्विच बसवून काउंटरला १०, पाहुण्यांना २० आणि कॅमेऱ्यांना ३० क्रमांक दिला, राउटरकडे व ॲक्सेस पॉइंटकडे जाणारे पोर्ट टॅग्ड ठेवले, संगणकाचा व रेकॉर्डरचा पोर्ट अनटॅग्ड ठेवला आणि २० मधून इंटरनेटखेरीज कोठेही जाता येणार नाही असा नियम घातला. नंतर भाच्याची तीच चाचणी माझ्याकडून करवून घेतली, कॉन्फिगरेशनची बॅकअप फाइल माझ्या स्वाधीन केली, आणि मगच पैसे स्वीकारले. हाच क्रम मी पहिल्या वेळी धरायला हवा होता.

पहिल्या तंत्रज्ञाकडे मी मॉडेल क्रमांकासह सुधारित बिल लेखी मागितले आहे. ‘खोके फोडलेला माल परत घेत नाही’, एवढेच उत्तर आले आहे, वास्तविक मी माल परत घेण्याविषयी विचारलेच नव्हते.