बायोडिझेलचा कापलेला आलेख

लिटरमागे १४ रुपये वाचणार असतील, तर ट्रकच्या धंद्यातील कोणीही थांबून विचार करतो. म्हणून मी वाडीत ७६ रुपये दराने ८०० लिटर ‘शंभर टक्के बायोडिझेल’ घेतले आणि ६०,८०० रुपये मोजले. दोन्ही ट्रकचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारे भाग, चिकटले, त्यांच्या दुरुस्तीत आणखी ४७,३५० रुपये गेले. ड्रममध्ये होते प्रक्रिया न केलेले तेल, बहुधा तळणीतून उरलेले. असे तेल खऱ्या बायोडिझेलपेक्षा सुमारे दहापट घट्ट असते.

असा माल विकणारे गिऱ्हाईक कसे गाठतात ते सर्वांना ठाऊक आहे. मला संताप येतो तो मला दाखवलेल्या चाचणी अहवालाचा. विक्रेत्याने इन्फ्रारेड चाचणीचा, म्हणजे इंधन कोणते अवरक्त किरण शोषते याचा, छापील आलेख दाखवला. १७४५ प्रति सेंटिमीटरजवळच्या उंच शिखराला लाल शाईने गोल केला होता. साध्या डिझेलमध्ये हे शिखर नसते, म्हणून हे बायोडिझेलच, असे त्याचे म्हणणे. पहिला भाग खरा, निष्कर्ष खोटा. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मेहुण्याने नंतर सांगितले, की ते शिखर एस्टर नावाच्या संयुगांचे असते आणि प्रक्रिया न केलेल्या खाद्यतेलातही एस्टरच असते. तेलाचे मिथाइल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, झाले की नाही, हे १४३६ आणि ११९६ जवळच्या शिखरांवरून कळते. न बदललेल्या तेलात ११०० च्या आसपास ठळक शोषण दिसते. माझ्या हातातील आलेख उतरत्या आकड्यांनी जात १५०० वरच संपत होता! नेमका तोच भाग कापलेला, आणि मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. पण ट्रकमालकाने असा आलेख वाचावा, अशी अपेक्षा तरी कोणी करावी? आलेख किमान ६५० पर्यंत मागा, आणि पावतीवर आयएस १५६०७ हे बायोडिझेलचे भारतीय मानक लिहून घ्या.

रॉकेल मिसळलेले डिझेल तर आलेखाकडे नुसते पाहून ओळखता येत नाही, कारण दोन्ही हायड्रोकार्बनच. तिथे घनता मोजावी. पंपावर हायड्रोमीटर मागण्याचा आपला हक्क आहे. गाळणकागदाची चाचणी पेट्रोलसाठी असते, डिझेलसाठी नव्हे.

तक्रारीची कथा याहून कडू आहे. पोलिसांनी हा व्यवहाराचा वाद ठरवला. एका कार्यालयाने नमुना विक्रेत्याच्या जागेवरूनच घ्यावा लागतो असे सांगितले, आणि तिथे जाण्याची विनंती केल्यावर जागा त्यांच्या हद्दीत नसल्याचे कळवले. दुसऱ्याने माझ्या टाकीतील नमुना पुरावा मानण्यास नकार दिला, कारण तो मीच भेसळ केलेला असू शकतो म्हणे! एक लाख आठ हजार एकशे पन्नास रुपये गमावलेला माणूस स्वतःच्या इंजिनात तेल ओततो, हा तर्क सरकारी टेबलावरच सुचू शकतो. म्हणून माल उतरवतानाच विक्रेत्यासमोर दोन काचेच्या बाटल्या भरून, सील करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. तो सहीला नकार देत असेल, तर ड्रम तसेच परत पाठवावेत.