टॅनिक अ‍ॅसिडचा रस्ट कन्व्हर्टर: जुन्या स्टेशन वॅगनसाठी कितपत कामाचा?

वॅगनचा खरा गंज लपलेला असतो: मागच्या दाराची खालची कड, स्टेपनीचा खळगा, गालिच्याखालची फरशी. तिथे हा कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचं काळ्या, स्थिर थरात रूपांतर करणारं द्रावण, उत्तम चालतो, पण सुटे पापुद्रे वायर ब्रशने काढून तेलकटपणा पुसल्यावरच. पातळ दोन हात द्या. गंज निळसर काळा पडला की काम झालं. चकचकीत पत्र्यावर मात्र तो वाया जातो, कारण त्याची प्रक्रिया गंजाशीच होते. त्यावर एपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारायचा असेल तर दोन्ही डब्यांवरच्या सूचना आधी वाचा, नाहीतर थर सुटतो. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आरपार गेला तर बाटली बाजूला ठेवा. तिथे पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. वर पुट्टी लिंपणं ही निव्वळ फसवणूक. आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी करा, ती बुजलेली राहिली तर गंज आतून परत धरतो.