रिपोर्टेड स्पीच (दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगणं): 'वॉज' की 'इज'?
मराठीत आपण सहज म्हणतो, 'ती म्हणाली की मी आजारी आहे.' काळ तोच आणि 'मी'सुद्धा तसाच. इंग्रजीत मात्र 'सेड' आलं की 'आय'ची 'शी' होते आणि सहसा 'अ‍ॅम'चं 'वॉज'. आपली मुलं नेमकी इथेच अडखळतात.

'शी सेड दॅट शी वॉज इल' हे वाक्य ती आता बरी झाली असली, तरी चालतं. 'शी सेड दॅट शी इज इल' चूक नाही, पण ती अजून आजारी असेल तरच शोभतं. परीक्षेत मी 'वॉज'च लिहायला सांगेन. त्रिकालाबाधित सत्याची गोष्ट वेगळी: 'द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ज राउंड द सन.' इथे 'मूव्ज' तसंच ठेवा.