टनाची मर्यादा: एकूण वजनावर की एक्सलवर (चाकांच्या आसावर)?

गावच्या रस्त्यावर खडीचे टिपर सुरू झाले, की ‘18.5 टनांवरील वाहनांस बंदी’ अशी पाटी मागितली जाते. बहुतेक वेळा ती चुकीचा ट्रक अडवते.

2018 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे सहाचाकीच्या मागच्या एक्सलला 11.5 टन चालतात, एकूण 18.5. दहाचाकीच्या मागच्या जोडीला 21, एकूण 28.5. आयआरसी:37 या रस्ते-आराखड्याच्या भारतीय मानकातल्या चौथ्या घाताच्या नियमाने (वजन दुप्पट झालं की झीज सोळापट) हिशोब केला, तर 11.5 टनांचा एक्सल 3.9 प्रमाणित एक्सलांएवढी (तुलनेसाठी धरलेल्या ठरावीक वजनाच्या एक्सलांएवढी) झीज करतो आणि 21 टनांची जोडी 3.75 एवढी. एकूण वजन दहा टनांनी जास्त असूनही दहाचाकीच्या मागच्या जोडीचा त्रास कमीच! त्यामुळे रस्त्यासाठी मर्यादा एक्सलवर घाला. वाटेत मोरी किंवा छोटा पूल कच्चा असेल, तर मात्र एकूण वजनाची पाटीही हवीच.

आता मर्यादेचा आकडा कुठून आणायचा? त्यासाठी रस्त्याची ताकद मोजावी लागते. डीसीपी, म्हणजे हातोड्याने ठोकत मातीत उतरवायचा शंकू, सर्वांत स्वस्त: 8 किलोचा हातोडा 575 मिमीवरून सोडायचा, दर फटक्याला शंकू किती उतरला ते मोजायचं. 40 मिमी उतरला, तर सीबीआर (मातीच्या ताकदीचा टक्केवारीतला आकडा) 4.7 च्या आसपास. पण डांबर नि खडी उकरून मातीपर्यंत जावं लागतं, आणि शंकू दगडावर अडला की माती उगाच दणकट दिसते. काळ्या मातीत तर मे महिन्यातला आकडा धरूच नका. भेगाळलेली कोरडी माती पाणी प्यायली की लोणी होते.

पाच-दहा किलोमीटरच्या रस्त्याला आमची पसंती बेंकेलमन बीमला, म्हणजे चाकाखाली रस्ता किती दबतो ते मोजणाऱ्या लांब दांडीला. मागच्या एक्सलवर 8170 किलो भरलेला ट्रक, टायरात चौरस सेंटिमीटरला 5.6 किलो हवेचा दाब, जोडचाकांच्या फटीत बीमचं टोक; ट्रक पुढे सरकला की रस्ता किती वर येतो ते डायलवर दिसतं. बीमचे हात 2:1 असल्याने डायलवरच्या फरकाची दुप्पट घ्यायची असते, आणि घोळ नेमका इथेच होतो. मोजणी पावसाळा संपता संपता करा.

एफडब्ल्यूडी, म्हणजे रस्त्यावर वजन पाडून दबणं मोजणारं यंत्र, थरनिहाय ताकद सांगतं, पण ते आणण्याचा खर्च लांब रस्त्यालाच परवडतो.

मग रस्त्याच्या शिल्लक आयुष्याला, म्हणजे तो अजून जितके प्रमाणित एक्सल सोसेल त्याला, रोजच्या फेऱ्यांतल्या प्रमाणित एक्सलांनी भागा. एक लाख प्रमाणित एक्सलांसाठी बांधलेल्या ग्रामसडकेवर रोज 60 भरलेले सहाचाकी गेले, पुढच्या चाकांसह प्रत्येकी 5.2 धरले, तर दहा वर्षांचा रस्ता 320 दिवसांत संपतो.

बंदी महिन्याहून जास्त ठेवायची असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली राजपत्रात अधिसूचना लागते.