डायलचा काटा हललाच नाही

२८ वर्षं लेथवर उभा आहे, आणि ४० सेकंदांच्या एका व्हिडिओने मला ११,५०० रुपयांची टोपी घातली. सांगायला लाज वाटते. पण जुन्या लेथसाठी चक, म्हणजे काम घट्ट पकडून फिरवणारा भाग, शोधत फिरणारे आमच्या इचलकरंजीतच कमी नाहीत, म्हणून झालं ते सगळं लिहून काढतो.

आमचं लेथ पंजाबातल्या बटाल्याचं, सहा फुटी, बेल्टवर चालणारं. वडिलांनी १९८६ साली घेतलेलं. बेड अजून ठणठणीत आहे. अडचण एकच, स्पिंडलचं, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याचं, नाक आट्यांचं आहे. चकाच्या पाठीला लावलेली बॅक प्लेट त्यावर फिरवून बसवायची. नव्या बऱ्याच लेथना कॅमलॉक असतो, म्हणजे पिना अडकवून चक बसवायचा. डी१-६ एवढं म्हटलं की दुकानदाराला कळतं, सहा पिनांचा चक समोर येतो. आमच्या आट्यांना असं नाव नाही. सव्वादोन इंच व्यास, इंचाला ८ आटे. शेजारच्या शेडमध्ये बटाल्याचंच लेथ आहे, त्याचे आटे वेगळे. म्हणजे चक कुठलाही घ्या, गाडी अडते ती बॅक प्लेटपाशी.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या ट्रू चकचा स्क्रोल गेला. आतली जी चकती फिरली की तिन्ही जॉ, म्हणजे जबडे, एकदम सरकतात, तिचे दोन वेढे तुटले. अंगावर मागाच्या रोलरचे ४० नग होते. डॉग चक होता घरात, पण प्रत्येक नगाला चार जॉ वेगवेगळे आवळायचे, काम मध्यावर फिरतंय का ते काट्याने दाखवणारी डायल लावायची, पुन्हा एक सैल करायचा. ४० नग असे केले असते तर दिवाळीचा फराळ लेथवरच झाला असता. नव्या आठ इंची चकाचा भाव दुकानदाराने १८,००० सांगितला. वर म्हणाला, "बॅक प्लेट कोरी मिळंल, आटे तुमचे तुम्ही पाडा."

मग मी जुन्या मशिनरीच्या एका ग्रुपवर स्पिंडलचा फोटो टाकला. अर्ध्या तासात फोन आला.

"शेठ, लेथ बटाल्याचं दिसतंय. सव्वादोन, आठ टीपीआय ना?"

मी गारच पडलो. नुसत्या फोटोवरून माप सांगणारा माणूस म्हणजे जाणकार! फोटोत आट्यांवर आटे मोजायचा पिच गेज मीच धरला होता, पानावरचा ८ चा आकडा ठळक दिसत होता आणि शेजारी व्हर्निअर पडला होता, हे मला फार नंतर आठवलं.

चक एका कंपनीच्या टूलरूममधून निघालेला, स्क्रोल नवा टाकलेला, आणि माझ्या मापाच्या आट्यांची बॅक प्लेट लावून तयार, असं त्याचं म्हणणं. भाव ११,५००. "बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर, शेठ. तुम्हीच बघा." मी बिल नको म्हणालो. पैसे भरताना क्यूआर कोडवर एका बाईंचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, वहिनींचं खातं आहे. तेवढ्यात पुण्याहून कोणी एक पार्टी निघालीच होती म्हणे चक न्यायला. ही पार्टी प्रत्येक सौद्यात निघालेली असते आणि आजवर कुणाच्याही दारात पोचलेली मी पाहिली नाही.

पण पैसे मी त्या पार्टीच्या धाकाने दिले नाहीत. दिले ते व्हिडिओ बघून. लेथवर चक फिरतोय, चकात दीड इंची गोल बार पकडलेला, बारवर डायल टेकवलेली, आणि काटा जागचा हलत नाही. मागून आवाज, "बघा शेठ, पाच मायक्रॉनसुद्धा नाही." मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

पार्सल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर टू-पे आलं. भाडं ६५० भरलं आणि पोतं रिक्षात टाकलं. शेडवर येऊन स्पिंडल पुसलं, तेलाचा हात दिला आणि चक फिरवायला घेतला. दोन आटे सुरेख गेले. तिसऱ्याला जड झाला, चौथ्याला अडकला. पोऱ्या म्हणाला, "आण्णा, पाइप लावू का?" बरं झालं, नको म्हणालो. गेज लावून बघितलं तर बॅक प्लेटला ३ मिलिमीटर पिचचे आटे. इंचाला ८ म्हणजे पिच ३.१७५. एका आट्याला फरक दिसत नाही. पण दर आट्याला तो साठत जातो आणि चौथ्यापर्यंत नाक दाबून धरतो. जोर लावला असता तर ४० वर्षांचं स्पिंडल हातचं गेलं असतं.

बॅक प्लेट सोडवली. चकाच्या पाठीला राखाडी रंग जाड दिला होता. एका बोल्टच्या भोकाशी रंगाला केसाएवढी रेघ दिसली, नखाने खरवडली तर खाली एम-सील. सील टोकरत गेलो. भोकापासून थेट चावीच्या खाचेपर्यंत बिडाला तडा. हातोडीच्या दांड्याने टकटक केलं. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं; हे मडकं फुटल्यासारखं वाजलं. जॉ काढून बघितले. दोघांवर १ आणि २ कोरलेलं, एकाच्या हाताचं. तिसऱ्यावर आधीचा आकडा ग्राइंडरने उडवून नवा ३ ठोकलेला. जॉ सेटने बनतात, स्क्रोलमध्ये एकामागून एक ठरल्या जागी शिरतात. दुसऱ्या सेटचा जॉ घुसवला की तिघांची गाठ मध्यावर पडत नाही.

तरी हट्ट म्हणून आमच्या जुन्या बॅक प्लेटवर तो बसवला. भोकं जुळली. मोटर लावली नाही, तडा गेलेला चक चालू लेथवर समोरच्या माणसाच्या छाताडात येऊ शकतो. ग्राइंड केलेली पिन पकडून हाताने फिरवलं. ०.४५ मिलिमीटर आऊट, म्हणजे डायलचा काटा एवढा हलला.

मग तो ५ मायक्रॉनचा व्हिडिओ कुठला? त्या रात्री मी तो पंधरा-वीस वेळा बघितला असेल. चक हाच होता, चावीच्या खाचेजवळचा टवका जुळत होता. अकराव्या सेकंदाला कॅमेरा जरा खाली जातो, आणि क्रॉस स्लाइडवर निळसर चुरा दिसतो. कात्रण, ताजं, कुरळं. बारही जिथे डायल टेकलीय तेवढाच चकचकीत, पुढे काळा.

बार त्याच चकात पकडून, त्याच जागी टर्न करून, म्हणजे टूलने कापून, न सोडता त्यावर डायल लावली होती. असा बार कुठल्याही चकात सरळच फिरणार! चक अर्धा मिलिमीटर आऊट असो की दोन, टूल तर स्पिंडलच्या मध्याभोवतीच कापतं. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला हे माहीत असतं. मी तीस पोरांना शिकवलंय. आणि मीच काट्याकडे बघत बसलो.

तेव्हा कुणी असा व्हिडिओ दाखवला तर एवढंच सांगा, भाऊ, बार सोड, अर्धा फेरा फिरवून परत आवळ, मग डायल लाव. आणि बार ग्राइंड केलेला असू दे, नाहीतर रीमरचा शँक, म्हणजे त्याचा गुळगुळीत दांडा, धर. एकदा जॉच्या तोंडाशी बघायचं, एकदा १०० मिलिमीटर पुढे. जॉ तोंडाशी झिजून फाकले असतील तर जवळ बरं दिसतं आणि पुढे बार शेपटी हलवतो. शिवाय दोन वेगळ्या व्यासांवर बघायचं. स्क्रोल झिजतो तो रोजच्या मापाच्या जागी, बाकी चांगला असतो. यातलं काही करायला जो कां-कू करतो, त्याच्या दारात उभं राहू नका. चकाची पाठ रंगवलेली असेल तर थिनरचं फडकं मारून फोटो पाठव म्हणा.

त्याला फोन केला. पहिल्यांदा गोड बोलला. "शेठ, स्पिंडल बघा तुमचं. जुनं मशीन आहे, नाक वाकलं असणार." क्षणभर मलाही शंका आली, इतक्या थंडपणे बोलला. स्पिंडलच्या बैठकीवर डायल लावली, १० मायक्रॉन. फोटो पाठवला. दोन निळ्या टिका दिसल्या आणि त्यानंतर नंबर कायमचा बंद.

चौकीत सांगितलं, माल मिळालाय ना, मग हा व्यवहारातला वाद. पैसे जाऊन माल आलाच नसेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन करा, तेवढ्यात खातं गोठवता येतं, असं तिथेच कळलं. भाचा वकील आहे. तो म्हणाला, मामा, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही हे अर्धंच खरं. स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तर २०१९ च्या कायद्यात आपण ग्राहकच. पण नोटीस कुणाला काढू? बिल नाही, पत्ता नाही, खातं वहिनींचं. १८ टक्के वाचवले होते ना मी.

शेवटी तो १८,००० चाच चक आणला, पक्क्या बिलाने. कोरी बॅक प्लेट डॉग चकात धरून आटे पाडले. इथे एक गोम आहे. आटे पाडताना नाकावर डॉग चक बसलेला, मग बॅक प्लेट लावून बघणार कशावर? म्हणून आधी स्पिंडलच्या नाकासारखाच हुबेहूब एक तुकडा बनवायचा आणि आटे त्यावर जुळवायचे. तो बनवण्यात माझा दिवस गेला. नंतर प्लेट नाकावर चढवून तोंड आणि बैठक तिथल्या तिथे टर्न केली, चक हाताने दाबून बसला. चार दिवस मोडले. रोलर दिवाळीनंतर गेले. गिऱ्हाईक महिनाभर घुश्शात होतं.

तो फुटका चक महिनाभर कोपऱ्यात होता. भंगारवाला आला तेव्हा मी आधी घण घेतला. तिसऱ्या घावाला तड्यावरून सरळ दोन तुकडे झाले. आतल्या बाजूला निम्म्याहून जास्त तडा गंजून काळा पडला होता, म्हणजे किती जुना असेल बघा. भंगारवाला हळहळला. "आण्णा, फोडला कशाला? अख्खा असता तर चकाचा भाव दिला असता, बिडाचा नव्हे."